अक्षरे मोजता मोजता
आयुष्यभर हिशेबाच्या वह्या तपासलेल्या माझ्यासारख्या बाईला पन्नाशीनंतर कवितेची गोडी लागावी, याचे घरच्यांइतकेच मलाही नवल वाटते. ही गोडी भावनेच्या वाटेने आली नाही, अक्षरांच्या मोजणीतून आली. ‘आपल्याला कवितेतले काही कळत नाही’ असे म्हणून दूर राहिलेल्या मित्रमैत्रिणींसाठी हे मुद्दाम लिहीत आहे.

शाळेत कविता म्हणजे कवीला काय सुचवायचे आहे या प्रश्नाचे उत्तर होते. वृत्ते शिकवली जात, पण ती व्याकरणाच्या तासाला. ओळीवर लघु-गुरूच्या, म्हणजे आखूड आणि लांब उच्चाराच्या अक्षरांच्या, खुणा करायच्या, वृत्ताचे नाव लिहायचे आणि गुण मिळवायचे. त्या तासाला ती ओळ मोठ्याने म्हणून दाखवल्याचे मला आठवत नाही.

पुढे अनेक वर्षांनी, आषाढात शेजारच्या भजनाला बसले असताना, ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ म्हणता म्हणता माझी बोटे सवयीने मोजू लागली. सहा, सहा, सहा आणि चार. दुसरा आणि तिसरा चरण यमकाने जुळतात आणि चौथा दोन अक्षरे आधीच थांबतो, त्यामुळे पुढचा चरण उचलण्यापूर्वी श्वासाला जागा मिळते. लहानपणापासून ऐकलेल्या या अभंगाची ही बांधणी तोवर माझ्या लक्षातच आली नव्हती. मग ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ मोजून पाहिले. बारा अक्षरे, लघु-गुरु-गुरु असे चार वेळा. ‘सज्जना’मधला ‘स’ पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू होतो, ‘भक्ति’मधला ‘भ’ही तसाच, आणि नियम ठाऊक नसलेले मूलसुद्धा म्हणताना तो अचूक पाळते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ या ओळी आठ-आठ अक्षरांत नेमक्या बसतात. हे माप कागदावरून आलेले नाही, ते जात्यावरच्या ओव्या ऐकत घडलेल्या कानातून आलेले आहे.

वाचता वाचता लिहावेसे वाटू लागले. आईवर अभंग लिहायला घेतला तेव्हा चौथ्या चरणात ‘तुझी आठवण’ म्हणायचे होते. पण ती सहा अक्षरे होतात आणि जागा चारच अक्षरांची. मग नेमके काय आठवते, हे स्वतःला विचारणे भाग पडले. बऱ्याच खाडाखोडीनंतर उतरले ते असे: ‘संध्याकाळी आई, पाऊल वाजले, पदरी पुसले, ओले हात.’ कविता म्हणून ती साधीच आहे, परंतु ते ओले हात माझ्या मनात कित्येक वर्षे नव्हते. अक्षरे कमी पडली म्हणून ते सापडले. लिहिण्याचा असा आनंद असतो, हे मला कोणी सांगितले असते तर पटले नसते.

छंद म्हणजे बेडी आणि खरी कविता मुक्तछंदातच, म्हणजे ठरावीक मापाशिवायच, असे मत अनेकदा ऐकू येते. मला ते मान्य नाही. मराठीत मुक्तछंद रुजवणाऱ्या कवी अनिलांनीच पुढे दहा ओळींची दशपदी घडवली, हे या संदर्भात फार बोलके आहे. उलट मोजायला शिकल्यापासून मला मुक्तछंदही अधिक चांगला वाचता येतो, कारण ओळ कुठे आणि का तोडली आहे, हे आता कानाला जाणवते. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे आहे की शाळेत वृत्ते कवितेच्याच तासाला, टाळी देत, मोठ्याने म्हणून शिकवावीत. अर्थाचे प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारले तरी चालतील.

सध्या ज्ञानेश्वरी मोठ्याने वाचते आहे. तिच्या ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड असतो, पण अक्षरांची संख्या ठरलेली नसते, त्यामुळे बोटांचा उपयोग होत नाही आणि सगळी भिस्त कानावर ठेवावी लागते. ज्यांनी ती वर्षानुवर्षे म्हटली आहे, त्यांनी म्हणण्याची आपली पद्धत कृपया खाली लिहावी.