ख्यालानंतर कुंदा

एकाच अल्बमात मारवा रागाचा ख्याल आणि कुंद्याची, म्हणजे बेळगावी मिठाईची, जाहिरात घालायची असेल, तर तंबोऱ्याआधी घड्याळ लावायला घ्यावं. विलंबित, म्हणजे संथ एकतालाचं आवर्तन (एक फेरा) 12 मात्रांचं. मात्रा 5 सेकंदांची धरली तर मिनिट गेलं. जाहिरात 30 सेकंदांची. गवई सातव्या मात्रेवर पोचतो तोवर इकडे कुंदा संपून शटर खाली!

गायक कुमार गंधर्वांच्या जन्मगावाचा, सुळेभावीचा, अभिमान बेळगावात सगळ्यांनाच, पण दुकानदाराला गाण्यात हवा असतो मोबाइल नंबर. आकडे 10. तीनतालाच्या 16 मात्रांत सहा रिकाम्या राहतात, रूपकाच्या सातांतून तीन आकडे सांडतात. दहा मात्रांच्या झपतालात मात्र चोख बसतात: दोन, तीन, दोन, तीन. आपल्याकडचा नंबर सहा ते नऊमधल्याच आकड्याने सुरू होतो, म्हणजे समही (पहिली मात्रा) भरदार. घोळ सहाव्या आकड्यावर. तिथे तालाची ‘खाली’, म्हणजे टाळीविना मोकळी मात्रा. डग्गा गप्प, गाणाराही आवाज आवरतो आणि गिऱ्हाईक नेमका तोच आकडा चुकतं. सहाव्या मात्रेवर टाळ वाजवावा. शास्त्राला धरून नाही, पण फोन लागतो.

मग कानडी आवृत्ती, चाल तीच. ‘नऊ’च्या जागेत ‘ओंबत्तु’ कोंबायचं. नंबरात तीन नऊ असले की भराभर बोलांचा तराणाच होतो. ‘सावकाश म्हणा की ओ,’ म्हणणारे मालक सेकंद मात्र वाढवून देत नाहीत.

क्रम लावताना पट्टी (पेटीच्या कुठल्या पट्टीला सा धरलाय ते) बघावी. काळी एकमधल्या ख्यालाला लागून पांढरी एकमधली जिंगल आली, तर अर्ध्या सुराच्या फरकाने बिचारी गायिका बेसुरी ठरते. तिला काळी चार द्यावी. तो काळी एकचा पंचम, म्हणजे ‘प’. मारव्यात पंचम वर्ज्य, त्यामुळे अर्धा तास टाळलेला सूर शेवटी मिठाईच्या दुकानात सापडतो.

रेकॉर्डिंग जुलैत नको. इथल्या पावसात तबल्याची पुडी (वरचं कातडं) ओल धरते, सूर उतरतो. गजऱ्यावर, कडेच्या वेणीवर, हातोडी मारून चढवावा, तर दुसऱ्या टेकला पुन्हा खाली.

शेवटी आवाजाची पातळी. दोन्ही फाइलींचे सर्वोच्च बिंदू सारखे केले म्हणून आवाज सारखा होत नाही. आलापात कुजबुजीपासून तारसप्तकापर्यंत सगळं असतं, जिंगल मात्र आवाजाचे चढउतार दाबणाऱ्या कॉम्प्रेसरमधून काढलेली, पहिल्यापासून शेवटपर्यंत ओरडती. तिला कानाने ऐकत सहा-सात डेसिबल खाली ओढावी. मालक ऐकायला येणार असतील त्या दिवशी परत वर.