पैसे घ्या, पण भांडायला एक माणूस तरी ठेवा!

चीनमधल्या एका तळ्याकाठच्या रिसॉर्टचे दोन रात्रींचे 5,600 युआन. रुपयांत धरले तर साधारण 65 हजार. आणि एवढे मोजून मला काय मिळालं? एक पडदा. पहाटे सव्वापाचला स्वतःहून सर्रकन उघडणारा आणि कुणाच्या बापाला न जुमानणारा पडदा. अख्ख्या चीनमध्ये घड्याळ एकच, बीजिंगचं. त्यामुळे इकडे पूर्वेला झेजियांग प्रांतात मे महिन्यात सव्वापाचलाच लख्ख उजाडतं, तिकडे पार पश्चिमेला शिनजियांगमधले लोक तेव्हा काळोखात घोरत असतात. भिंतीवर बटण नाही. दोरी नाही. हाताने ओढला तर मोटर कुंई कुंई करते आणि पडदा परत उघडतो. तो म्हणे बोलून बंद करायचा असतो, आधी त्या यंत्राला त्याच्या लाडक्या नावाने हाक मारून. चार वर्षं शांघायमध्ये काढली आहेत मी. भाजीवालीशी घासाघीस करण्याइतकं, टॅक्सीवाल्याशी वाद घालण्याइतकं चिनी मला येतं. पण या बयेला माझे सूर कळत नाहीत. मी म्हणते पडदा लाव, ती मला उद्याचं हवामान सांगते. शेवटी नवरा खुर्चीवर चढला आणि माझा केसांचा क्लचर त्याने दोन पडद्यांच्या मधोमध लावला. मग झोपलो.

तर, आम्ही तिथे का गेलो.

सासूबाई कराडहून दोन महिन्यांसाठी आल्या होत्या. शांघायचे टॉवर बघून झाले, मॉल बघून झाले, आणि एक दिवस त्या म्हणाल्या, "अगं, इथे कुठे मोकळं पाणी नाही का? नुसतं बघत बसायला?" नवऱ्याने लगेच झेजियांगमधला चियानदाओ तलाव काढला. मे महिन्याच्या सुट्टीतच जमणार होतं. या सुट्टीवर वेगळं लिहिता येईल. 2025 ला 1 ते 5 मे सुट्टी दिली आणि 27 एप्रिलच्या रविवारी कामावर बोलावून त्यातला एक दिवस वसूल केला. याला त्याओश्यू म्हणतात. आमच्या ऑफिसातली चिनी पोरं या शब्दाला ज्या शिव्या घालतात त्या ऐकून माझी भाषा बरीच सुधारली.

जाहिरातीत काय होतं? धुकं, हिरवी बेटं, लाकडी डेक, पांढऱ्या कपड्यांतली एक बाई चहा ओतते आहे. जगापासून दूर. गजबजाटापासून दूर. हे 'दूर' मी नीट वाचायला हवं होतं. हांगझोऊहून हुआंगशानकडे जाणारा वेगवान रेल्वेमार्ग डिसेंबर 2018 मध्ये सुरू झाला, त्यामुळे स्टेशनापर्यंत आपण सुखात पोचतो. पुढे गाडीने वळणावळणाचा घाट, बोगदे, चहाचे मळे. शेवटचं किराणा दुकान मागे पडलं तेव्हा मी म्हणाले, "किती छान, इथे काहीच नाही!" हे वाक्य आमच्या घरात आता टोमणा म्हणून वापरतात.

लॉबीत बुटकं पाइनचं झाड होतं, उदबत्तीचा वास होता, पण काउंटर नव्हता. काउंटरच्या जागी टॅबलेट. त्याला चिनी ओळखपत्राचा अठरा आकडी नंबर हवा. पासपोर्टचा पर्यायच नाही. परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते, हा इथला नियम आहे आणि मला तो मान्य आहे, मी दरवेळी निमूट पासपोर्ट देते. पण नोंद करणार कोण? पंधरा मिनिटांनी एक पोरगा उगवला, बावीसेक वर्षांचा, घाबरलेला. त्याच्या फॉर्मच्या रकान्यात सासूबाईंचं नाव मावेना. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, आपली नावं आहेत तशी आहेत! त्याने भाषांतराचं ॲप माझ्यासमोर धरलं. त्यात लिहिलं होतं: 'आदरणीय वृद्धेचे नाव संपत नाही.' सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "माझं आयुष्य संपेल त्याच्या आत." चाळीस मिनिटं लागली.

आता किल्ली. किल्ली नाही! किल्ली म्हणजे मोबाइलवरचा क्यूआर कोड, तो वीचॅट या चिनी ॲपमध्ये उघडतो, आणि एका पाहुण्याच्या दोन खोल्या असतील तरी कोड एकाच मोबाइलवर येतो. सासूबाईंचा मोबाइल कराडचा. म्हणजे त्यांना आपल्या खोलीत जायचं असेल तर सुनेला हाक मारायची. बाथरूमला जायचं, हाक. शाल विसरली, हाक. तळ्याकाठी बसलेल्या अडुसष्ट वर्षांच्या बाईने पाच वेळा "तुला त्रास देते गं" म्हणावं, हे ज्याने डिझाइन केलं त्याला मला एकदा भेटायचं आहे. साधी पितळी किल्ली, लाकडी ठोकळ्याला बांधलेली, आमच्या महाबळेश्वरच्या लॉजवरही मिळायची. त्या लॉजवर ढेकूण होते, ते जाऊ दे, पण किल्ली होती.

तक्रार कुणाकडे करायची? ॲपवर. ॲप म्हणतं, 'प्रिय पाहुणे, आपला निरोप मिळाला, आम्ही काळजी घेत आहोत.' अर्ध्या तासाने दारावर टिंगटाँग. बाहेर माणूस नाही, कमरेएवढा रोबोट. लहान मुलीच्या आवाजात काहीतरी गोड बोलतो, पोटाचं झाकण उघडतं, आत दोन टॉवेल. मी टॉवेल मागितले नव्हते. मी किल्ली मागितली होती. मी त्याला मराठीत बोलले. मनापासून बोलले. त्याने झाकण मिटलं, 'आपला दिवस आनंदाचा जावो' म्हणाला आणि लिफ्टकडे निघून गेला. मी पुण्यात वाढलेली बाई आहे. माझी सगळी जडणघडण काउंटरच्या अलीकडे उभं राहून पलीकडच्या माणसाशी भांडण्यात झाली आहे. समोरच्याच्या कपाळावर आठी दिसली की मला बरं वाटतं, निदान ऐकतोय तरी. इथे तो माणूसच काढून टाकलाय, आणि त्याला सोय म्हणतात!

जेवणाचं सांगते. रिसॉर्टमध्ये रेस्टॉरंट एकच. शांघायमध्ये रात्री अकरा वाजता कोथिंबीर मागवली तरी अर्ध्या तासात स्कूटरवाला दारात असतो. इथे पत्ता टाकला की 'सेवा उपलब्ध नाही'. मेन्यूत मुख्य मान तळ्यातल्या माशाच्या डोक्याच्या सूपचा. चियानदाओ त्यासाठी प्रसिद्धच आहे, आणि खाणाऱ्यांनी ते जरूर खावं, माझ्या नवऱ्याने खाल्लं, छान होतं म्हणे. पण सासूबाई माळकरी. मी "त्या शाकाहारी आहेत, वो छ्र सू (मी शाकाहारी) नव्हे, था छ्र सू (त्या शाकाहारी)" असं व्याकरणासकट सांगितलं. ॲपवर शाकाहारी विभागात युश्यांग छ्येझ दिसलं, म्हणजे वांग्याची भाजी. आता या पदार्थाच्या नावात मासा आहे आणि भाजीत मासा नसतो, तो फक्त मसाल्याचा प्रकार. नावात डुक्कर नाही, आणि भाजीत बरेचदा खिमा असतो. चार वर्षांत हे मला पाठ झालंय, म्हणून 'मांस नको' असं वेगळं टाइप केलं. वांगं आलं. वर खिमा. मी पुन्हा लिहिलं. उत्तर आलं की थोडंसंच आहे, चवीपुरतं.

चवीपुरतं!

हांगझोऊत लिंगयिन मंदिराच्या परिसरात बौद्ध पद्धतीचं जेवण मिळतं. कांदा-लसूणही नसलेलं, सासूबाईंनी आधीच्या आठवड्यात तिथे दोन वाट्या टोफू संपवला होता. म्हणजे या प्रांताला शाकाहार कळत नाही असं मुळीच नाही. पण तिथे वाढणारी बाई होती, तिला गळ्यातली माळ दाखवली, तिने हात जोडले, विषय संपला. ॲपला माळ कशी दाखवायची?

खोलीत काचेची एक बाटली ठेवली होती, पाण्याची, फ्रान्समधून आणलेली. 38 युआन. खिडकीतून समोर जे तळं दिसतं त्याचं पाणी लाल झाकणाच्या बाटल्यांतून नोंगफू स्प्रिंग चीनभर विकते. 2019 पासून तर शंभरावर किलोमीटरच्या बोगद्यातून ते हांगझोऊच्या नळालाही जातं. पिण्याचं पाणी म्हणून रिसॉर्टवाले तळ्यात उतरू देत नाहीत, तेही योग्यच. फक्त जे पाणी एवढं जपायचं त्याच्या काठावर बसून आम्ही फ्रान्सचं पाणी प्यायचं, याचा हिशोब कुणीतरी समजावून द्या.

आणि एकांत? पहिल्या संध्याकाळी हिरवळीवर कुठल्याशा कंपनीची सहल आली. माईक, स्पीकर, रात्री दहापर्यंत कराओके. डेकवर जुन्या राजवटीच्या वेशातल्या मुली फोटोग्राफर घेऊन, प्रत्येकीचे दोन तास. डोक्यावर तीन ड्रोन. म्हणजे गर्दीही आहे, आणि मदतीला मात्र कुणी नाही. दोन्हीकडून मार.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॉबीतल्या मोठ्या पडद्यावर पाण्याखालचं चित्रीकरण चालू होतं. दगडी कमान, तिच्यावर कोरलेले सिंह, मधून पोहत जाणारा पाणबुड्या. खाली मंद बासरी. सासूबाईंनी विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं की हे तळं नैसर्गिक नाही, शिनआन नदीवर धरण बांधलं, 1959 मध्ये पाणी अडवलं, डोंगरांचे माथे वर राहिले ती ही 1078 बेटं. आणि खाली शिचंग नावाचं जुनं शहर आहे, ते हे.

"माणसं?"

"जवळजवळ तीन लाख हलवली. पुष्कळ जण शेजारच्या जियांगशी, आनह्वेईत गेले."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यांचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. शिवसागरात गाव गेलं तेव्हा त्या पाच वर्षांच्याही नव्हत्या, कराडला मामाकडे वाढल्या. चुलत्यांची मुलं कोयनेच्या जमिनीसाठी अजून मोर्चात बसतात. मग म्हणाल्या, "देवळाचा कळस उन्हाळ्यात दिसायचा म्हणे. आम्हाला कुणी बासरी नाही लावली." एवढंच. आणि मग मला म्हणाल्या की चल, खोली उघडून दे.

संध्याकाळी मात्र त्यांना माणूस सापडला. मला नाही, त्यांना. आमच्या मजल्यावर सफाई करणारी बाई, पन्नाशीची, फुगीर निळा कोट. अशा बायकांना इथे 'आयी' म्हणतात, मावशी या अर्थी. मी हाक मारल्याबरोबर सासूबाई चमकल्या. "आई? इथे पण आईच म्हणतात?" मग त्याच तिला आई म्हणू लागल्या, आणि पुढचा अर्धा तास दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या, मध्ये मी नको होते. माळ दाखवून झाली. पोटाला हात लावून झाला. आयी गेली आणि आपल्या डब्यातली उकडलेली दोन कणसं आणि एक जांभळं रताळं घेऊन आली, वर थर्मासभर गरम पाणी. गरम पाण्याच्या बाबतीत चिनी आणि सासूबाई यांचं पहिल्या दिवसापासून एकमत आहे. तिने स्वतःच्या कार्डाने खोलीही उघडून दिली. कार्ड! तिच्या गळ्यात होतं! म्हणजे कार्डाने दार उघडतं, फक्त पाहुण्यांना द्यायचं नाही!

पैसे घेतले नाहीत तिने. मी मोबाइल पुढे केला तर हात झटकत निघून गेली.

निघताना अनामत रकमेचे 1,000 युआन. घेताना दोन सेकंदांत घेतले, परत करायला पंधरा दिवस, कारण माझं कार्ड परदेशी. तसंही मोबाइलवरून पैसे भरायला परदेशी कार्ड जोडलं की 200 युआनच्या वरच्या प्रत्येक व्यवहारावर तीन टक्के जातात, त्यामुळे आमचा एकांत तीन टक्के महाग पडला. ट्रेनमध्ये बसले आणि मोबाइलवर पाच कमळं आली. 'आपला अनुभव कसा होता?' मी दात-ओठ खात एक कमळ दाबलं. पुढे कारण निवडा. पडदा यादीत नाही. किल्ली नाही. वांगं नाही. कारण एकच लागू पडत होतं, 'मजल्यावरील कर्मचारी', आणि त्याच्यापुढे आयीचा नंबर आधीच भरलेला.

ॲप बंद केलं.

क्लचर पडद्यालाच राहिला. परवा विचारलं तर उत्तर आलं, 'प्रिय पाहुणे, अशी वस्तू खोलीत आढळली नाही.' म्हणजे पडदा अजून बंद आहे.