मतं खाल्ली म्हणे!

आज सकाळी ठाण्यात तलावपाळीवर एक मित्र (लिस्टमध्ये आहे, वाचेलच) चहा पिता पिता म्हणाला, "आपल्याकडे अमेरिकेसारखे दोनच पक्ष हवेत. कटकट नाही." तेव्हा गप्प बसलो. आता टाइप करताना डोकं परत तापलंय.

आमच्या सोसायटीत चार वर्षांपूर्वी असेच दोन पक्ष होते. एक लिफ्टवाल्यांचं पॅनल, एक पार्किंगवाल्यांचं. बी विंगमधल्या काकू एकट्या उभ्या राहिल्या. म्हणणं एकच, गच्चीवरची टाकी धुवा. ११ मतं पडली. लिफ्टवाल्यांचा एक जण तीन मतांनी पडला आणि तेव्हापासून काकू म्हणजे 'मतं खाणाऱ्या'. खाणाऱ्या! जणू ती मतं लिफ्टवाल्यांच्या फ्रीजमध्ये झाकून ठेवली होती.

अमेरिकेत २००० साली राष्ट्राध्यक्ष निवडताना दुसरं काय झालं? फ्लोरिडा राज्यात रिपब्लिकन बुश डेमोक्रॅट गोरपेक्षा ५३७ मतांनी जिंकले, तिथे तिसऱ्या, ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडरना ९७ हजारांवर मतं. झालं, खापर नेडरवर. देशभरात जास्त मतं गोरना होती, ते राहिलं बाजूलाच. आणि १९९२ ला अपक्ष रॉस पेरोंना जवळपास १९ टक्के मतं पडली, इलेक्टोरल मतं (प्रत्येक राज्याच्या वाट्याची, ज्यांवर राष्ट्राध्यक्ष ठरतो ती) शून्य! कारण पन्नासातल्या ४८ राज्यांत जो पुढे, त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं त्याची. कटकट नाही म्हणजे काकूंनी आपली कटकट घरी ठेवायची, एवढंच ना?

बरं, आपल्याकडे ढीगभर पक्ष आहेत आणि नेता रात्री कुठल्या पक्षात झोपतो नि सकाळी कुठल्या पक्षात उठतो कळत नाही. मान्य. पण आपण मत देतो चेहऱ्याला, मग चेहरा गेला की मतही त्याच्या खिशातून जातं. २०१७ ला पालिकेसाठी चार बटणं दाबली होती (एका प्रभागात चार नगरसेवक). दारात आलेल्या पत्रकावर फोटोच फोटो, एक तर गॉगल घालून. पाण्यावर एक ओळ नाही. काकूंचं पत्रक हाताने लिहिलेलं होतं, सगळं पाण्यावरच.

न्यूझीलंडने १९९३ ला सार्वमत घेऊन पद्धतच बदलली. एक मत उमेदवाराला, एक पक्षाला. पक्षाला ५ टक्के पडली तरी संसदेत वाटा. सरकार बनवताना तिथेही सौदेबाजी चालते, माहितीये रे.

खरं सांगू? काकूंना मीही मत दिलं नाही. पटत होतं, पण 'वाया जाईल' म्हणून सगळी मतं लिफ्टवाल्यांना दिली. आईचे गुडघे, चौथा मजला... असो.

गेल्या रविवारी टाकी धुतली एकदाची, पाण्याला वास यायला लागला म्हणून. काकू जिन्यात भेटल्या (लिफ्ट बंद होती). हातात विकतच्या पाण्याचा कॅन. म्हणाल्या, "किती बादल्या गाळ निघाला रे?"

"चौदा."

"म्हणजे माझ्या मतांपेक्षा तीन जास्त."