देशासाठी टँकर विमान निवडताना घ्यायची काळजी

परवा एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय, संरक्षणातली आत्मनिर्भरता. वक्ते म्हणाले, हवेत इंधन भरणारी टँकर विमानं परदेशातून घेणं ही गुलामगिरी आहे. कडाडून टाळ्या. मी चिठ्ठी पाठवली, 'मग आपलं कुठलं विमान यासाठी वापरायचं?' त्यांनी ती वाचली, नीट घडी घातली, पाण्याच्या ग्लासखाली सरकवली आणि पुढची चिठ्ठी उचलली. उत्तर द्यायची ही रीत मला फार आवडली. म्हणून टँकर निवडू पाहणाऱ्या सर्व देशभक्तांसाठी या काही सूचना.

आधी टाळ्या मोजा, विमानं नंतर.

घाई तर मुळीच करू नका. आग्र्याला हवाई दलाची 2003-04 मध्ये आलेली सहा इल्युशिन-78 टँकर विमानं आहेत. त्यातली सरासरी जेमतेम निम्मी उडण्याजोगी असतात, असं कॅगने 2017 च्या अहवालात लिहिलंय. निम्मी म्हणजे तीन. एवढ्या खंडप्राय देशाला तीन पुष्कळ झाली.

टेंडर जरूर काढा, फक्त त्यातून विमान येणार नाही याची खबरदारी घ्या. 2009 मध्ये आपण युरोपियन एअरबस कंपनीचं ए-330 टँकर निवडलं. अर्थ खात्याला महाग वाटलं, 2010 मध्ये रद्द. परत टेंडर, परत चाचण्या, 2013 मध्ये परत तेच विमान पसंत! मग तीन वर्षं खर्चावर घासाघीस, आणि 2016 मध्ये परत रद्द. भाजीवालीकडून दोनदा पिशवी भरून घ्यायची आणि दोन्हीदा तिच्याच टोपलीत ओतून चालू पडायचं, तसं. आणि जुलै 2020? पहिली पाच राफेल फ्रान्सहून अंबाल्याला निघाली, वाटेत त्यांना हवेत इंधन पाजलं ते फ्रेंच टँकरने. कुठल्या? ए-330! आपण दोनदा नाकारलेलं, तेच! होजपाईपला तोंड लावलेल्या राफेलचा तो फोटो तुम्हीही फॉरवर्ड केलात. त्यातलं मोठं विमान कुणाचं, हे बघायची तसदी एकाने तरी घेतली?

असो. रक्तदाब सांभाळा, ही पुढची सूचना.

अमेरिकेचा आदर्श ठेवा. त्यांच्या हवाई दलाने 2008 मध्ये एअरबसवर बेतलेला टँकर निवडला. बोइंगने तक्रार केली, निर्णय फिरला, 2011 मध्ये 179 देशी टँकरचं कंत्राट बोइंगला. पहिला मिळाला जानेवारी 2019 मध्ये. लगेच हवाई दलाने विमानं ताब्यात घेणं थांबवलं, कारण आत विसरलेली हत्यारं आणि कचरा सापडला. इंधन देणारा ताठ, नळीसारखा दांडा ज्या कॅमेऱ्यांवर बघून जोडायचा, त्यांत उन्हा-सावलीत धड दिसेना. पण देशी हो, देशी!

स्वदेशीची व्याख्या मात्र सैल ठेवा. आपल्या सहा टँकरच्या नव्या टेंडरमध्ये इस्रायली कंपनी एकटीच उरल्याच्या बातम्या ऑक्टोबर 2025 मध्ये आल्या. सांगाडा अमेरिकन बोइंग 767 चा, तोही वापरलेला. फेरबदल इस्रायलचे. थोडे भाग आपले. झालं स्वदेशी. तोवर वैमानिकांच्या सरावाला एका खासगी अमेरिकन कंपनीचं केसी-135 टँकर भाड्याने आणलंय. या जातीचं उत्पादन 1965 मध्येच थांबलं.

पुरे झाली थट्टा. अहो, सरस हे छोटं प्रवासी विमान 2004 मध्ये पहिल्यांदा उडालं आणि अजून सेवेत नाही. शंभर टन इंधन वाहणाऱ्या विमानाचा देशी आराखडा कुठून आणणार? आपल्यापुढे देशी की विदेशी असा पर्याय कधी नव्हताच. घ्यायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं, आणि तेवढंही तुम्हाला जमलं नाही. आपल्या मालवाहू सी-17 ला आणि नौदलाच्या टेहळणी करणाऱ्या पी-8आयला हवेत इंधन घ्यायला ताठ दांडा लागतो. आग्र्याच्या विमानांना आहे नुसता होजपाईप. म्हणजे या विमानांना आपल्या टँकरकडून हवेत थेंबभर इंधन मिळत नाही. हे माहीत असूनही फाईल अडवणाऱ्यांनी आणि भाषणं ठोकणाऱ्यांनी जरा लाज बाळगा. 2009 पासून सहा विमानं घेता येईनात, आणि आम्हाला देशप्रेम शिकवता?