"मेडिकलमध्ये काही निघालं नाही" म्हणणाऱ्यांसाठी

सकाळी फॅमिली ग्रुपवर एका काकांनी बलात्काराची बातमी टाकली आणि खाली लिहिलं, "मेडिकल नॉर्मल आलंय, म्हणजे केस खोटी." त्यावर पटापट अंगठे. डोकंच फिरलं माझं.

काका, भीतीने गारठलेल्या, गुंगीचं औषध दिलेल्या, जीव वाचावा म्हणून निपचित पडून राहिलेल्या बाईच्या अंगावर ओरखडे कुठून येणार? 1972 साली महाराष्ट्रातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं, त्यात हेही कारण होतं की अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत. बायका रस्त्यावर उतरल्या, 1983 मध्ये कायदा बदलला. तुम्ही अजून तिथेच!

ओळखीतल्या एका पोरीसोबत मी कॅज्युअल्टीत बसले होते. ओळीने सगळ्यांनी एकच विचारलं, "एफआयआर कुठंय?" अहो, तक्रार नसली तरी तपासणी आणि मोफत उपचार करावेच लागतात, खासगी हॉस्पिटललासुद्धा. ती बिचारी माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. तिचा ओलसर कुर्ता कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून गाठ मारली. असे कपडे सावलीत वाळवून कागदात ठेवायचे असतात, प्लास्टिकमध्ये ओल कुजते आणि डीएनए जातो. मग रिपोर्टमध्ये निघणार काय, कपाळ?

योनीत दोन बोटं घालून बाईला आधीपासून संबंधांची सवय आहे का हे बघायची ती घाणेरडी चाचणी 2013 मध्येच सुप्रीम कोर्टाने चुकीची ठरवली. 2022 मध्ये पुन्हा बजावावं लागलं की जो करेल तो गैरवर्तनाचा दोषी. बाई आधी कुणाबरोबर झोपली होती का, याच्याशी डॉक्टरचा संबंध काय?

मान्य, रात्रपाळीला डॉक्टर एकच असतो. खोट्या तक्रारीही होत असतील. म्हणून प्रत्येकीलाच खोटी धरायचं?

त्या रात्री एक सिस्टर मात्र आली. आधी पडदा ओढला, मग पोरीच्या शेजारी बसून म्हणाली, "बाळा, तपासणी नको वाटली तर नाही म्हण, औषध तरीही मिळेल." पोर तेव्हा पहिल्यांदा रडली. आत्ता लिहितानाही माझा घसा दाटलाय.

मैत्रिणींनो, कुणावर वेळ आलीच तर थेट हॉस्पिटल गाठा. कपडे धुऊ नका, कागदात गुंडाळून न्या. आंघोळ झाली असली तरी जा. दिवस राहू नयेत म्हणून आणि एचआयव्ही टाळण्यासाठीची औषधं जितकी लवकर तितकी बरी, एचआयव्हीची तर 72 तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात.