सातवी-आठवीच्या मुलांना 'नुसते ओठ हलव' सांगू नका

समूहगानाच्या स्पर्धा जवळ आल्या की सातवी-आठवीतले मुलगे गटातून गळायला लागतात. 'आवाज घोगरा झालाय, मागे उभा राहा, नुसते ओठ हलव.' हे वाक्य कुठल्याही संगीत शिक्षकाच्या तोंडी येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. बहुतेक वेळा त्या मुलाचा सूर गेलेला नसतो, त्याला दिलेली पट्टी, म्हणजे गाण्याचा सा कुठे धरायचा ती उंची, चुकलेली असते.

आपले बरेच संगीत शिक्षक गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारद होऊन शाळेत येतात. पाया पक्का असतो, रागतालाची समज असते. पण ती सगळी तालीम एकट्याने गाण्याची. षड्ज, म्हणजे मूळ सा, आपल्या गळ्याला सोयीचा लावायचा, ही सवय वर्गातही तशीच येते आणि तिथेच चाळीस गळ्यांची ओढाताण सुरू होते.

रोजचं राष्ट्रगीतच घ्या. त्याची चाल मंद्र निषादापासून (खालच्या सप्तकातल्या नीपासून) तार षड्जापर्यंत (वरच्या सापर्यंत) जाते. परिपाठाला पेटी नसली तर पहिला आवाज ज्याचा, त्याची पट्टी. समजा मधल्या सप्तकातली काळी दोन, म्हणजे पेटीवरची त्या सप्तकातली दुसरी काळी, लागली. 'जय हे'ला पाचवीची मुलं ओरडून वर पोचतात. आठवीचे मुलगे एकतर गप्प होतात, नाहीतर मध्येच खालच्या सप्तकात उतरतात. आता हाच सा काळी पाचला लावा, म्हणजे मधल्या पांढरी एकच्या खालची पहिलीच काळी. लहानांना सुरुवात जरा खाली वाटेल, पण 'जय हे' न ताणता लागेल. आवाज पूर्ण बदललेले मुलगे तेच सप्तकभर खाली गातील. मधल्या अवस्थेतल्यांनाही बहुतेक स्वर सापडतात.

कंठ फुटताना मुलग्यांचा आवाज साधारण सप्तकभर उतरतो आणि त्याला बरेच महिने लागतात. मुलींचाही पेटीच्या दोन-तीन पट्ट्या खाली येतो, आवाजात हवा मिसळते. ती आळशीपणे गातेय असं समजून तिला जोर लावायला सांगणं चूकच.

तपासायची रीत सोपी आहे. मुलाला वीसपासून उलटे अंक म्हणायला सांगा. बोलताना आवाज जिथे स्थिरावतो तो स्वर पेटीवर शोधा, तिथून एकेक पट्टी वर आणि खाली न्या. गळा आवळला की थांबा. एका मुलाला दोन मिनिटं पुरतात. मधल्या अवस्थेतल्या मुलाला जेमतेम पाच-सहा स्वर मिळाले तरी त्याला काम आहे: स्थायीची ओळ, ध्रुवपदाची पुनरुक्ती, किंवा अंतऱ्याखाली धरलेला सा नाहीतर प. हा धरलेला स्वर नीट लागला की गाण्याला जी भरदार बैठक मिळते, ती नुसत्या वरच्या आवाजांनी मिळत नाही.

पुरुष शिक्षकांनी आणखी एक जपावं. तुम्ही काळी एकला गाता तेव्हा मुलांपेक्षा सप्तकभर खाली असता. पाचवीतली काही मुलं तोच खालचा स्वर पकडायला जातात आणि गुरगुरल्यासारखं गातात. अशा वेळी ओळ स्वच्छ गळ्याच्या एखाद्या मुलीकडून गाऊन दाखवावी.

पेटीवर सतत चाल वाजवत राहू नका. पेटी सगळं झाकते. आठवड्यातून एकदा तरी फक्त तानपुऱ्यावर गाऊन घ्या. गाणं उतरत असेल, म्हणजे सूर हळूहळू खाली घसरत असेल, तर लगेच कळतं. बहुतेक वेळा ते लांब स्वरांवर उतरतं, कारण श्वास संपलेला असतो. मग श्वास वाटून द्या. पहिली रांग दुसऱ्या मात्रेनंतर, दुसरी रांग चौथीनंतर, म्हणजे स्वर तुटत नाही.

हजेरीच्या वहीत प्रत्येक नावापुढे त्या मुलाचा खालचा आणि वरचा स्वर लिहून ठेवा. पेन्सिलीने लिहा, कारण दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीतल्या निम्म्या मुलग्यांचे स्वर खोडून पुन्हा लिहावे लागतील.