ट्रॅक सगळ्यांना हवा, वर्गणी कुणालाच नको

नवा ट्रॅक हवाय ना? मग खिशात हात घाला की! आमचा आरसी, म्हणजे रिमोट कंट्रोलवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांचा क्लब, आणि दर मीटिंगला तेच रडगाणं. जंप किती उंच, वळण किती तीव्र, यावर दोन-दोन तास घसाफोड. 1/8 वाल्यांना (खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाएवढी गाडी) लांबलचक सरळ पट्टा हवा, त्याहून लहान 1/10 वाल्यांना तेवढ्या मोठ्या उड्या झेपत नाहीत. वर्गणीची वही उघडली की मात्र एकेकाला अचानक फोन येतात.

परवा एक जण म्हणाला, "आधी ट्रॅक होऊ दे, मग देतो." अरे बाबा, माती काय उधारीवर येते? हाच गृहस्थ त्याच आठवड्यात नवी ब्रशलेस मोटर आणि दोन लिपो बॅटऱ्या मिरवत होता! पाण्याचा निचरा, फिनिश लाइनखाली पुरायची लॅप टायमिंगची (फेरीची वेळ मोजायची) वायर, गाडी चालवणाऱ्यांनी उभं राहायचा ड्रायव्हर स्टँड, यांना कुणी वालीच नाही. निचरा चुकला की एका पावसात सगळा चिखल. मग हेच मला विचारणार, "पैसे गेले कुठे?"

वहीत पहिलं नाव माझं, दुसरं खजिनदाराचं. तिसऱ्या ओळीवर कुणीतरी पेन चालतंय का ते बघून गेलंय.